वाचकांचे प्रश्न: रत्नागिरीतला फ्लॅट भाड्यासाठी घ्यावा का?

प्रश्न: नमस्कार ताई, मी ठाण्यात नोकरीला, गाव लांज्याजवळ. रत्नागिरीत समुद्राच्या बाजूला 14 वर्षं जुन्या सोसायटीत वन बीएचके 30 लाखांत मिळतोय, एजंट म्हणतो 9 हजार भाडं कुठे गेलं नाही. मे महिन्यात बघून आलो, घर आवडलं. घेऊन टाकू का?

उत्तर: दादा, इतक्यात टोकन देऊ नका. 9 हजारांनी वर्षाचे 1 लाख 8 हजार होतात म्हणजे 3.6 टक्के, ते पण घर बाराही महिने भरलेलं असेल तर. त्यातून मेंटेनन्स महिना दीड हजार धरला तर 18 हजार गेले, घरपट्टी 4 हजार धरा, एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत महिनाभर कुलूप म्हणजे अजून 9, आणि रंग, नळ, वॉटरप्रूफिंगला वर्षाचे 12 हजार तरी बाजूला ठेवायलाच लागतात, आपल्याकडच्या पावसात ते टळत नाही. हातात उरले 65 हजार, म्हणजे 2 टक्क्यांच्या जरासे वर. कर्ज काढणार असाल तर व्याजच याच्या कितीतरी पट जाईल. नुसत्या भाड्याच्या जोरावर हा व्यवहार मला पटत नाही, एजंटला किंमत खाली आणायला सांगा.

आणि मे महिन्यात कोकणातलं कुठलंही घर छानच दिसतं हो! जुलैत जा, चांगली झड लागलेली असताना. पश्चिमेची भिंत आतून हाताने चाचपा, खिडकीखालचे कोपरे बघा, एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर तो का दिला ते विचाराच. बाल्कनीच्या स्लॅबला खालून तांबूस रेघा दिसल्या आणि काठीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर समजायचं की खाऱ्या हवेतलं मीठ आत मुरून सळई गंजलीय, गंज फुगतो आणि काँक्रीटचे तुकडे सुटायला लागतात, वरून नुसतं प्लास्टर थापून ते थांबत नाही.

सोसायटीचे हिशोब पण मागा. 15 वर्षं झाली की दर 5 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करायचं असतं, म्हणजे तुमच्या वेळेलाच ते येणार आणि रिपेअर फंडात पैसे नसतील तर मोठी वर्गणी तुमच्या माथी.

प्रश्न: भाडेकरू नात्यातलेच आहेत, नोटरी करून 11 महिन्यांचा करार केला तर चालेल का?

उत्तर: नाही चालत. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम 55 आहे, करार लेखी आणि रजिस्टर्डच लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची. रजिस्टर केला नाही आणि उद्या वाद झाला तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्याच खऱ्या धरतात, उलट सिद्ध करायचं काम तुमचं. ऑनलाइन, घरबसल्या होतो, खर्च दोघांत वाटून घ्या.