रोज ऑफिसला न्यायला पाण्याची बाटली कोणती घ्यावी: स्टील, तांबं की प्लास्टिक?

स्टीलची, तीही एकपदरी. थर्माससारखी दुपदरी जड होते, गर्दीच्या लोकलमध्ये खांद्याला कळतं. बाटलीवर ‘३०४’ किंवा ‘१८/८’ लिहिलंय का बघा, ही स्टीलची प्रत, म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. दुकानदार लोहचुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही, म्हणजे चांगलं स्टील’ असं दाखवेल, त्यावर जाऊ नका. स्वस्तातल्या २०२ प्रतीच्या स्टीललाही लोहचुंबक सहसा चिकटत नाही.

खरी घाण झाकणात असते. मुलीच्या बाटलीला कुबट वास यायचा, कितीही घासली तरी. शेवटी झाकणातली रबरी रिंग सुरीच्या टोकानं उचकटली, तर खाली काळी बुरशी! म्हणून रिंग सहज निघणारी आणि ब्रश आत जाईल एवढ्या रुंद तोंडाची बाटली घ्या.

तांब्याची घरी ठीक. तिच्यात ताक, लिंबू सरबत भरू नका. आंबटाने तांबं त्यात उतरतं.

विकतच्या पाण्याची पातळ बाटली (तळाशी त्रिकोणात १) महिनोन्महिने भरत राहू नका, उन्हात तापलेल्या गाडीत तर नकोच.

आणि पर्यावरणाचं म्हणाल, तर स्टील बनवायलाही भरपूर ऊर्जा जाते. माळ्यावर जुनी धड बाटली पडली असेल तर तीच काढा. झाकण बिघडलं असलं, तर आधी भांड्यांच्या दुकानात सुटं मिळतंय का विचारा.