तीनची बॅटरी, दोनची बॅटरी

प्रश्न : माझ्या कॉर्डलेस ड्रिलची बॅटरी १८ व्होल्ट, २ अँपिअर-अवरची. भावाची १२ व्होल्ट, ३ अँपिअर-अवरची. ‘माझी तीनची, म्हणून जास्त टिकते,’ असं तो ठणकावून सांगतो. खरं का? शिवाय माझ्या टॉर्चच्या खोक्यावर १००० लुमेन उजेड आणि ४० तास छापलंय, पण पाचेक मिनिटांतच उजेड उतरतो. टॉर्च खराब निघाली का?

उत्तर : भावाला गुणाकार करायला लावा. अँपिअर-अवरला व्होल्टने गुणलं की वॉट-अवर मिळतात, आणि बॅटरीत ऊर्जा किती ते त्यावरून कळतं. तुमचे १८ गुणिले २, म्हणजे ३६. त्याचेही १२ गुणिले ३ केले तर ३६च दिसतात. पण १२ व्होल्टच्या पॅकमध्ये सहसा तीनच लिथियम-आयन सेल असतात, एकेक ३.६ व्होल्टचा. एकूण १०.८. बारा भरतात ते चार्जरवरून नुकताच काढल्यावर. म्हणजे त्याचे ३२.४. (‘२० व्होल्ट मॅक्स’ हाही तसलाच प्रकार, आत पाच सेल, मिळून १८ व्होल्टच.)

बोथट बिट जोर लावून दाबलंत, तर मात्र हा सगळा हिशेब वाया. मोटर कण्हते, जास्त करंट ओढते, पॅक तापतो. आधी बिट बदला, मग बॅटरीला नावं ठेवा.

टॉर्च खराब नाही, खोकं चतुर आहे. आत १८६५० सेल असेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. ३ अँपिअर-अवरचा धरला तर जेमतेम ११ वॉट-अवर. एलईडीकडून वॉटला १०० लुमेन धरले, तर १००० लुमेनला १० वॉट लागतात आणि तासाभरात सेल रिकामा. ४० तास काढायचे तर पाव वॉटवर भागवायला हवं, म्हणजे पंचवीस-तीस लुमेन. आकडे दोन्ही खरे असतील, पण वेगवेगळ्या मोडचे! त्यातून वेळ मोजतात ती उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. पाच मिनिटांतली घसरण बहुधा उष्णतेमुळे : एवढ्याशा नळीतून ती बाहेर पडत नाही, म्हणून सर्किट आपणहून उजेड कमी करतं. टॉर्च हाताला चटके देते का, बघा.

प्रश्न : बॅटरी पूर्ण उतरल्यावरच चार्ज करावी म्हणतात. बरोबर?

उत्तर : हा निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला सल्ला. लिथियमला तळ गाठणं मानवत नाही. ड्रिलचा जोर ओसरला की थांबा. महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर साधारण निम्मी चार्ज करून, गार आणि कोरड्या जागी ठेवा. पूर्ण भरून तापलेल्या गाडीत टाकलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. आणि इलेक्ट्रॉनिक बटणाची टॉर्च बंद असतानाही थोडा करंट पितेच; बऱ्याच टॉर्चचं मागचं झाकण पाव फेरा सैल केलं की तेही थांबतं.