मुलगा विमानातून उड्या मारतो, त्याला जिवाची पर्वा नाही का?

हा प्रश्न घेऊन बरेच आईवडील माझ्याकडे येतात. कुणाची मुलगी कडे चढते, कुणाचा मुलगा बाइक रेसिंग करतो. पुण्यातल्या एका आईचा मुलगा टेक्सासमध्ये स्कायडायव्हिंग करायचा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

त्याचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. त्या दुःखात तो मरणाशी खेळतोय, असं वडिलांनी ठरवून टाकलं. आईनं शपथ घातली. "शीतल महाजनला पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्याची पोरगी म्हणून किती कौतुक केलंस, मग माझ्या वेळी शपथ का?" असं विचारून त्यानं फोन करणंच कमी केलं. शेवटी आईच्या समाधानासाठी तो माझ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलायला तयार झाला.

झोप, दारू, जगणं नकोसं वाटणं, आत्महत्येचे विचार, हे सगळं मी सरळ विचारते. पालकांनीही विचारावं, विचारल्यानं असे विचार मनात पेरले जात नाहीत. त्याच्या उत्तरांत तसं काही नव्हतं. मग मी त्याला उड्यांबद्दल बोलू दिलं. राखीव पॅराशूट दर 180 दिवसांच्या आत परवानाधारक रिगरकडून (पॅराशूट तपासून बांधणाऱ्या तंत्रज्ञाकडून) उघडून, तपासून पुन्हा बांधून घ्यावं लागतं. उडी मारणारा बेशुद्ध पडला तरी ते आपोआप उघडणारं यंत्र पाठीवरच्या पिशवीत असतं. हे सगळं तो मन लावून सांगत होता. "आणि मॅडम, मी गाडी चालवताना फोन उचलत नाही," असंही म्हणाला.

मानसशास्त्रज्ञ मार्विन झुकरमन यांनी थरार-साहसाची ओढ आणि बेबंदपणा या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या. त्या वेगळ्याच असतात, हे मी रोज पाहते. आईला मी आकडाही सांगितला: अमेरिकेत 2023 साली सुमारे 36.5 लाख उड्यांमध्ये 10 मृत्यू झाले. आकड्यानं आईची भीती जात नाही, पण 'प्रत्येक उडी म्हणजे मरणाच्या दारात' हे तिच्या मनातलं चित्र थोडं हललं.

मात्र एका गोष्टीनं मी सावध झाले. तो आधीपेक्षा लहान कॅनोपी, म्हणजे पॅराशूटचं उघडणारं छत्र, घेणार होता. कॅनोपी लहान तशी वेगवान, आणि जमिनीजवळ घाईनं घेतलेलं वळण जिवावर बेततं. या खेळातले कितीतरी मृत्यू पॅराशूट व्यवस्थित उघडल्यानंतर, उतरताना होतात. टँडम उडी, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून दोघांनी एकाच पॅराशूटनं मारायची उडी, रुळवणारे बिल बूथ सांगत आले आहेत की साधनं जितकी सुरक्षित होतात, तितकी माणसं जास्त धोका पत्करतात.

"लहान कॅनोपी घ्यायचं कधी ठरवलंस?" लग्न मोडल्यानंतर महिनाभरात.

"वारा वाढला म्हणून उडी न मारता विमानातूनच खाली कधी आलास?" पूर्वी यायचा. हल्ली नाही. "ग्रुपमध्ये बरं दिसत नाही," तो म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

म्हणजे वडिलांचं निदान चुकलं होतं, तरी काळजी निराधार नव्हती. उड्या तो त्या दुःखाच्या कितीतरी आधीपासून मारत होता. दुःखानं त्याला घाई लावली होती. आणि घरात 'सोड' एवढंच ऐकू येत असल्यामुळे असे निर्णय बोलायला त्याच्याजवळ फक्त तो ग्रुप उरला होता. मला यात सगळ्यात मोठा धोका हाच दिसला.

मोडलेल्या लग्नाबद्दल आम्ही पुढे बरंच बोललो. नवी कॅनोपी त्यानं लांबणीवर टाकली आणि उतरण्याच्या तंत्राचं वेगळं प्रशिक्षण घेतलं. आईनं शपथ मागे घेतली. आता ती रविवारी विचारते, "वारा कसा होता? कुठली उडी सोडलीस का?" तो सांगतो, कधी कधी लांबण लावून सांगतो. वडील त्या वेळी अजून उठून जातात. त्यांच्याशी बोलणं नुकतंच सुरू केलं आहे.