नागपूरहून विद्यार्थ्यांचा ग्रुप बांगलादेश सीमेवर स्थलांतर समजून घ्यायला न्यायचा आहे. कुठं न्यावं, परवानगी काय लागते, खर्च किती येईल आणि चार दिवस पुरतील का?

चार दिवस पुरत नाहीत. गीतांजली एक्स्प्रेसने गेलात तरी हावड्याला पोचेपर्यंत जवळपास एक दिवस मोडतो, येताना तेवढाच, म्हणजे हातात उरले दोन, त्यातला अर्धा पोट्टे कोलकत्यात व्हिक्टोरिया बघायला मागतात. दोन दिवसांत सीमेवरचं गेट दिसेल, तिथली माणसं दिसणार नाहीत.

खरं सांगायचं तर ह्या प्रश्नावर मी गप्प बसू शकत नाही. मी नागपुरात बरीच वर्षं एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या) मुलांचं फिल्डवर्क बघत होते (कॉलेजचं नाव लिहीत नाही) आणि अगदी अशाच ट्रिपवरून माझं एका सिनिअर सहकाऱ्याशी जे वाजलं ते आजपर्यंत मिटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, सीमा समजून घ्यायची तर बंगालमध्ये बनगावजवळच्या पेट्रापोलला चला, दक्षिण आशियातलं सगळ्यात मोठं लँड पोर्ट (रस्त्याने मालाची ने-आण होणारं सीमेवरचं नाकं) आहे, ट्रकांच्या रांगा बघा, संध्याकाळची परेड बघा, बीएसएफच्या (सीमा सुरक्षा दलाच्या) अधिकाऱ्याचं लेक्चर ठेवा, झालं. माझं म्हणणं, आधी मुलचेऱ्याला चला.

सगळे हसले होते स्टाफरूममध्ये. मुलचेरा आपल्या गडचिरोलीत, तिथं कुठली आली बॉर्डर! आता तुम्ही नागपूरचे म्हणजे गडचिरोलीत बंगाली कॅम्प आहेत एवढं तुम्हाला माहीत असणारच, पण किती जण तिथं जाऊन कोणाच्या ओट्यावर बसले आहेत? १९६४ च्या दंग्यांनंतर पूर्व पाकिस्तानातून जी हिंदू कुटुंबं आली त्यातली बरीचशी आधी रायपूरजवळच्या माना ह्या निर्वासितांच्या कॅम्पात ठेवली आणि मग कोणी बस्तरला, कोणी ओडिशात मलकानगिरीला, कोणी तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात जंगल तोडून वसवली. मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यात आजही अशी गावं आहेत जिथं घराघरात बंगाली बोलतात, पोरं मराठी शाळेत जातात आणि दुर्गापूजा गावाच्या वर्गणीतून होते. तिकडे गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी वसाहत आहे, आपण दर हिवाळ्यात त्या लोकांकडून स्वेटर घेतो आणि पैशाची घासाघीस सोडून एक शब्द बोलत नाही. नागपुरातच जरीपटक्यात सिंधी आहेत. सीमा ओलांडून आलेली माणसं दोन-चार तासांच्या अंतरावर असताना सरळ हजार-बाराशे किलोमीटर गाडी पकडायची, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

शेवटी दोन्ही करायचं ठरलं, कारण आमच्या बॅचमध्ये एक मुलगी होती मुलचेऱ्याच्या कॅम्पातली. हुशार, कमी बोलायची. घरची धानाची शेती. तिच्याच घरी आम्ही आधी मुक्कामी गेलो, तिच्या आजीच्या हातचा मासोळीचा रस्सा खाल्ला, तिच्या बाबांनी सांगितलं की त्यांचे वडील माना कॅम्पात कसे राहिले, तंबू कसे होते, पोरं कशी दगावली. पोरं गप्प होऊन ऐकत होती. त्यानंतर आम्ही बंगालची गाडी धरली. रायपूर स्टेशनला गाडी थांबली तेव्हा ती खिडकीशी जाऊन बसली आणि बाजूच्याला म्हणाली, इथंच होते आजोबा, बाहेरच्या बाजूला, आता तिकडे विमानतळ आहे.

बनगाव म्हणजे बंगालमधलं सीमेजवळचं शहर, तिथं आम्ही कोलकत्याच्या सियालदह स्टेशनहून लोकलने गेलो, दोन तास, आणि ती गर्दी म्हणजे आपल्याकडे दीक्षाभूमीला दसऱ्याला असते तशी. एक गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे, कारण नागपूरच्या मुलांना ती आतून हलवते. बनगाव फाळणीआधी जेसोर जिल्ह्यात होतं (जेसोर आता बांगलादेशात), रॅडक्लिफची रेघ म्हणजे फाळणीची सीमा जाहीर झाली १७ ऑगस्ट १९४७ ला, तेव्हा कळलं की हा तुकडा भारतात राहिला, म्हणून तिथं काही लोकं १८ ऑगस्टलाही झेंडा लावतात. आणि बाबासाहेब १९४६ मध्ये संविधान सभेवर पहिल्यांदा निवडून गेले ते बंगालमधून, त्यासाठी जिवाचं रान केलं जोगेंद्रनाथ मंडलांनी. ते नमशूद्र ह्या बंगालमधल्या दलित समाजाचे पुढारी, पुढे पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले, १९५० मध्ये राजीनामा देऊन इकडे आले आणि १९६८ मध्ये बनगावलाच वारले. आमच्यातला नागपूरच्या इंदोरा वस्तीतला एक मुलगा हे ऐकून जेसोर रोडवर त्या जुन्या शिरीषाच्या झाडांखाली उभाच राहिला, म्हणे मॅडम हे आम्हाला आजपर्यंत कोणी काहून नाही सांगितलं. मुलचेऱ्याची मुलगी त्याच नमशूद्र समाजाची. दोघं त्या दिवसापासून सोबतच फिरत होते, एकमेकांना प्रश्न विचारत.

तर गाव. बनगावच्या उत्तरेला सीमेलगत, नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना त्रास नको. तिथं काटेरी तार आहे पण ती सीमेवर नाही, सीमेच्या दीडशे यार्ड अलीकडे आहे, कारण १९७५ च्या भारत-बांगलादेश नियमांप्रमाणे शून्य रेषेपासून दीडशे यार्डात संरक्षणाचं बांधकाम करता येत नाही. म्हणजे घर तारेच्या अलीकडे आणि शेत पलीकडे, दोन्ही भारतातच. सकाळी गेट उघडतं तेव्हा माणसं सायकली, फवारणीचा पंप, जेवणाचा डबा घेऊन रांगेत उभी असतात, ओळखपत्र जमा करायचं, रजिस्टरमध्ये नाव लिहायचं, मग आपल्याच वावरात जायचं. वेळ संपायच्या आत परत यायचं. एका शेतकऱ्याने सांगितलं की ताग उंच वाढतो, माणूस दिसत नाही, म्हणून तारेजवळ ताग लावू देत नाहीत, आणि त्या भागात पैसा तर तागातच आहे. हे पुस्तकात मुलांना कितीही शिकवा, त्या रांगेत अर्धा तास उभं राहिल्यावरच समजतं.

आता मूळ भांडणाची गोष्ट. सहकाऱ्यांनी चार पानांचा फॉर्म छापून आणला होता, त्यात प्रश्न: आपण भारतात कोणत्या वर्षी आलात, कोणत्या मार्गाने, पुरावा आहे का. मी नागपुरातच म्हटलं होतं की हे पोलिस स्टेशनचे प्रश्न आहेत, हा कागद नेऊ नका. नेला. पहिल्याच घरात एक म्हातारी आजी, ऐंशीच्या आसपास, मुलांना मुरमुरे दिले, लाल चहा दिला, आणि फॉर्म नि पेन दिसल्याबरोबर तोंड मिटलं. माझं काही नाही, सुनेला विचारा. सून म्हणाली मुलाला विचारा. मुलगा म्हणाला आमच्याकडे सगळे कागद आहेत, आणि आत जाऊन थैलीच घेऊन आला, घामाघूम. माझ्या पोटात तुटलं. पाहुणा म्हणून घरात घेतलेल्या लोकांना माणूस स्वतःहून कागद दाखवतो, म्हणजे त्याला किती वेळा मागितले असतील.

तेव्हा त्या मुलीने फॉर्म उलटा करून बाजूला ठेवला. तिला फक्त भाषांतराला बसवलं होतं. ती आजीशी घरी बोलते तशी बोलायला लागली, कोलकत्याची नाही, त्यांची कॅम्पातली बंगाली. आजीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, तू खुलनाची? (खुलना आता बांगलादेशात.) ती म्हणाली, गडचिरोलीची. आजीला गडचिरोली माहीतच नव्हतं. बापाचं गाव विचारलं तर ते पण मुलचेराच, आजोबांचं गाव तिला धड सांगता येईना, म्हणून तिने बाबांना फोन लावला. बाबा तिकडे बांधावर, रेंज सारखी जायची, ते परत परत लावत होते. त्यांनी नाव सांगितलं, रूपसा नदीच्या काठचं कुठलं गाव, आणि आजी म्हणाली हाट (बाजार) कुठं भरायचा ते सांग, त्यांनी वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं, आजीने चूक काढली, हाट तिथं नाही, नदीच्या वळणावर! मग पुढे किती वेळ ते दोघं बोलत होते, आम्ही सगळे मातीच्या ओट्यावर बसून. आजीचा दीर माना कॅम्पच्या गाडीत चढला होता. तिच्या नवऱ्याने जायला नकार दिला, म्हणाला पाणी नसलेल्या मुलखात मी मरेन. जे जात नव्हते त्यांचा सरकारी डोल (निर्वासितांना मिळणारी मदत) बंद व्हायचा, मग हे लोकं दुसऱ्याच्या गोठ्यात राहिले, मजुरी केली. दिराचं पुढे काय झालं ते तिला कळलं नाही. ही सगळी माहिती, ज्याला आमचे ते सिनिअर सर "डेटा" म्हणतात ती, फॉर्म बाजूला गेल्यावर आली.

आणि खरी गोष्ट तर त्याच्या नंतर घडली. आजीची नात कॉलेजात जाणारी, तिने तिची फाइल दाखवली, त्यात लॅमिनेट केलेलं एससीचं सर्टिफिकेट. नमशूद्र पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत आहेत. महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. आमची मुलगी ते सर्टिफिकेट हातात धरून बराच वेळ वाचत होती. तोच समाज, तोच जिल्हा, तीच नदी, एका भावाने कॅम्पची गाडी पकडली आणि दुसऱ्याने नाही, आणि ह्या एका गोष्टीवर तिची फी ओपनमधून भरली जाते. गडचिरोलीतले बंगाली लोक हीच मागणी किती वर्षांपासून करून राहिले आहेत, मोर्चे काढतात, निवेदनं देतात. आमच्या नागपूरच्या वर्गात हा विषय कधी निघाला नव्हता, तो बनगावच्या त्या घरात निघाला, कारण ती मुलगी तिथं होती.

अहवाल छापला तेव्हा तिचं नाव शेवटच्या पानावर, दुभाषी म्हणून, ड्रायव्हरच्या नावाच्या वर. आणि एका प्रकरणाचं शीर्षक घुसखोरीचे सामाजिक परिणाम! मी मीटिंगमध्ये विचारलं, ह्या गावात तुम्हाला कोण घुसखोर भेटला? उत्तर मिळालं की ती मुलगी तटस्थ नाही, तिचं घरचं प्रकरण आहे, संशोधकाने लांबून बघावं. लांबून बघणाऱ्यांनी काय आणलं तर कोरे फॉर्म. मी तेव्हाही म्हटलं, आता तुम्हाला पण म्हणते, तटस्थपणाच्या नावाखाली ज्याला विषय माहीत आहे त्यालाच बाजूला बसवायचं हा निव्वळ अन्याय आहे.

असो, तुमचे बाकीचे प्रश्न. परवानगी: बनगाव शहरात, ठाकूरनगरला (मतुआ ह्या मुख्यतः नमशूद्रांच्या धार्मिक पंथाचं मुख्य ठिकाण, नक्की जा) काही लागत नाही, पण तारेजवळच्या गावात आणि गेटच्या आसपास जायचं तर त्या भागातल्या बीएसएफ बटालियनला कॉलेजच्या लेटरहेडवर आधी लिहा, मुलांच्या नावांची यादी आणि आधार कार्डाच्या प्रती जोडा, आणि पंचायतीलाही कळवा. २०२१ पासून बंगालमध्ये बीएसएफचं अधिकारक्षेत्र सीमेपासून ५० किलोमीटर आतपर्यंत आहे हे लक्षात ठेवा. तारेचे, चौकीचे, गेटचे फोटो अजिबात नाही, आणि रील बनवणाऱ्या पोट्ट्याला आधीच तंबी द्या. जवानांबद्दल माझी तक्रार नाही हं, आमच्याशी ते नीट वागले, चोवीस तास उन्हापावसात उभे असतात, तस्करी तिथं खरी आहे आणि ते गावकरीही मान्य करतात. पावसाळ्यात जाऊ नका, इछामती फुगते. निवडणुकीच्या तोंडावर तर मुळीच नको, कोणी मोकळं बोलत नाही.

वेळ जास्त असेल तर कूचबिहार जिल्ह्यात दिनहाटा, मेखलीगंज भागात जा, ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री ज्या एन्क्लेव्हची (एका देशाच्या हद्दीत अडकलेल्या दुसऱ्या देशाच्या तुकड्यांची) अदलाबदल झाली तिथली माणसं भेटतील, आपल्याकडचे बांगलादेशी ५१ तुकडे भारतात आले आणि तिकडचे भारतीय १११ बांगलादेशात गेले, घरात बसल्या-बसल्या लोकांचा देश बदलला. मिझोरमचं कोणी सुचवलं असेल तर विषय उत्तम आहे, २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमधून आलेले चिन जमातीचे लोक (चिनी नव्हेत) तिथं आहेत, पण इनर लाइन परमिट (राज्यात शिरायचा सरकारी परवाना) लागतं आणि तुमच्या चार दिवसांत ते बसतच नाही. खर्चाचं मी काय सांगू, तिकिटाचे दर तुम्हीच बघा, फक्त हॉटेल घेऊ नका, शाळेत नाहीतर घरांत उतरा आणि त्या घरांना व्यवस्थित पैसे द्या.

अजून एक. ग्रुपमध्ये बंगाली बोलणारा किंवा मुसलमान विद्यार्थी असेल तर त्याच्याजवळ मूळ कागदपत्रं ठेवा आणि त्याला एकटं कुठं पाठवू नका. २०२५ मध्ये बंगाली बोलणाऱ्या मजुरांना बांगलादेशी समजून वेगवेगळ्या राज्यांत पकडल्याच्या आणि काहींना सीमेपलीकडे ढकलल्याच्या बातम्या आल्या, त्यात भारतीय नागरिकही होते. ही काळजी शिक्षकांनी घ्यायची, पोरावर सोडायची नाही.

आणि गडचिरोलीच्या कॅम्पातली एखादी मुलगी तुमच्या वर्गात असेल, नागपुरात शोधलं तर सापडतेच, तर तिला विचारून, तिची इच्छा असेल तरच सोबत घ्या, प्रश्न तिलाच ठरवू द्या आणि अहवालावर संशोधक म्हणून तिचं नाव पहिलं टाका. कोणी सिनिअर आडवे आले तर त्यांना हे उत्तर वाचायला द्या.