किडनीतली गाठ: अख्खी किडनी काढावी का?

प्रश्न: वडील 61 वर्षांचे, बारा वर्षांपासून मधुमेह. पोट फुगतं म्हणून सोनोग्राफी केली, तर डाव्या किडनीत साडेचार सेंटिमीटरची गाठ निघाली. त्रास काहीच नाही. सर्जन म्हणतात, गाठीपुरताच भाग काढू, बायॉप्सीही नको. नातेवाईक म्हणतात, कॅन्सर असेल तर अख्खी किडनीच काढा. कोणाचं ऐकावं? (एक वाचक, सातारा)

उत्तर: सर्जनचं. त्रास नसण्यात नवल नाही. बहुतेक गाठी हल्ली अशाच, भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडतात. लघवीतून रक्त, कुशीत दुखणं आणि हाताला लागणारी गाठ ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसणारे रुग्ण शंभरात दहासुद्धा नसतात.

आधी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध सोडून केलेला स्कॅन) करतात. साध्या स्कॅनपेक्षा गाठ 15-20 हाउन्सफील्ड युनिटांहून (सीटीवरच्या उजळपणाचं माप) जास्त उजळली आणि तिच्यात चरबी दिसली नाही, तर कॅन्सर धरूनच चालतात. काही गाठी नंतर साध्या निघतात, हेही खरं. बायॉप्सी लागते ती गाठ जाळायची किंवा नुसती नजरेखाली ठेवायची असेल तेव्हा, किंवा लिम्फोमाचा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) किंवा दुसरीकडच्या कॅन्सरचा संशय असेल तेव्हा.

गाठ 7 सेंटिमीटरपर्यंत आणि किडनीतच असेल, तर जमेल तिथे किडनी वाचवतात. मधुमेहात तर हे जास्तच मोलाचं, कारण उरलेल्या किडनीवरही साखरेचा मारा चालूच असतो. किडनीच्या धमनीला चिमटा लावतात, गाठ निरोगी भागाच्या पातळ कडेसकट काढतात, उघड्या रक्तवाहिन्या आणि लघवीची पोकळी शिवतात, चिमटा सोडतात. हे साधारण 25 मिनिटांत उरकावं लागतं, नाहीतर रक्ताविना किडनीच दुखावते. गाठ मुख्य रक्तवाहिन्यांना भिडलेली असेल किंवा शिरेत गुठळी गेली असेल, तर मात्र पूर्ण किडनी काढणंच बरं. ऐनवेळी तसा निर्णय घ्यावा लागू शकतो. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी याबद्दल विचारून घ्या.

प्रश्न: काकांचं असंच ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले. काल लघवी एकदम लाल झाली, आज गुठळ्या पडल्या. पाणी जास्त पिऊन थांबेल का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर: थांबेल या भरवशावर राहू नका, तडक रुग्णालय गाठा. पहिल्या एक-दोन दिवसांतला फिकट गुलाबी रंग वेगळा. आठवडा-दोन आठवड्यांनी ताजं रक्त आलं, तर शिवलेल्या धमनीच्या तोंडाशी फुगा येऊन तो लघवीच्या पोकळीत फुटल्याची शंका घ्यावी लागते. गुठळ्यांनी लघवी तुंबते ते वेगळंच. सीटी अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) जागा सापडते. जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून तेवढीच धमनी कॉइलने (तारेच्या बारीक वेटोळ्याने) बंद करतात. किडनी बहुधा वाचते.

दुखतं म्हणून डायक्लोफिनॅक देऊ नका, किडनीला ते घातक. रक्त पातळ करणारं ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर तिथे पोचताच सांगा, आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्या.