इतिहासात बीए म्हणजे नुसत्या सनावळ्या पाठ करणं असतं का?

तुम्ही विचारलंय की बारावी कला शाखेनंतर इतिहासात बीए करावं का, तीन वर्षं सनावळ्याच पाठ कराव्या लागतात का, आणि पुढे स्पर्धा परीक्षेला त्याचा उपयोग होतो का. 'सनावळ्या' हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. एका सनावरूनच आमच्या घरात वाद झाला आणि थोरले काका अकरा वर्षं माझ्याशी धड बोलत नाहीत.

काकांच्या बैठकीच्या खोलीत चौकटीत बसवलेला एक मोडी कागद आहे. लहानपणापासून ऐकत आले की पानिपतावर आमच्या पूर्वजाने मर्दुमकी गाजवली, त्याबद्दल पेशव्यांनी दिलेली ही सनद. तळाशी एक छोटं चित्र आहे, ती त्याची तलवार. घरात मोडी कुणालाच येत नव्हती. आजोबांच्या वेळी कुणा जाणकाराने त्यातला सन तेवढा लावून दिला होता, 1760-61. पानिपत आलं ते तिथून.

बीएच्या दुसऱ्या वर्षाला मी दहा दिवसांचा मोडीचा वर्ग केला. आमच्या एका प्राध्यापकांना सांगितलं तर म्हणाले, "मूळ कागद एमएला बघा, आत्ता नोट्स काढा." हे मत मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. दहा दिवसांत अक्षरओळख होते, वाचता येत नाही, हे खरं. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जातात. शब्द कुठे तुटतो ते कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घ एकच. सहा महिने रोज तासभर घासलं, मग सुट्टीत काकांकडे गेले आणि फोटो काढायला म्हणून चौकट उघडायला लावली.

सन बरोबर होता. 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर, हजार: शुहूर सन (पेशवाईतल्या कागदांवर असायची ती कालगणना) 1161. त्यात 599 मिळवले की जूनमध्ये मृग नक्षत्रापासून सुरू होणारं 1760-61 येतं. पण त्यापुढे 'छ 12 रबिलावल' होतं, म्हणजे रबिलावल या हिजरी महिन्याची बारावी तारीख. ते पडतं ऑक्टोबर 1760 मध्ये. पानिपतची लढाई झाली 14 जानेवारी 1761 ला. लढाईच्या जवळजवळ तीन महिने आधी तिच्यातल्या पराक्रमाची सनद कोण देणार? शिवाय सनद असती तर शिक्का आणि शेवटी मोर्तब, म्हणजे मजकूर संपल्याची छोटी मुद्रा, हवी. इथे दोन्ही नाही. कागद होता कर्जाचं खत, म्हणजे कर्जरोखा. बैल घेण्यासाठी काढलेले 40 रुपये, व्याज दरमहा दरसदे दोन, म्हणजे वर्षाला शेकडा चोवीस. खाली साक्षीदारांची नावं, लिहिणाऱ्या कुलकर्ण्याचं नाव. आणि ती तलवार म्हणजे नांगर. लिहिता न येणारा कुणबी सही म्हणून नांगराची निशाणी करायचा, हे चित्राशेजारीच लिहिलेलं होतं: 'निशाणी नांगर'.

मी हे सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. चूक झाली असेल तर तेवढीच. काका म्हणाले, "बीए करून घराण्याला कर्जबाजारी ठरवलंस."

आता हे बघा. दख्खनचे दंगे आम्हाला अभ्यासाला होते. 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सुरू झाले, शेतकऱ्यांनी सावकारांकडची खतं काढून जाळली, एवढ्या पाच ओळी. परीक्षेत मी त्या लिहून मार्कही मिळवले होते. पण लोक माणसांवर न जाता कागदांवर का गेले, हे चाळीस रुपयांचं खत हातात धरल्यावर मला कळलं. कागदच नसेल तर सावकार दावा कशाच्या जोरावर लावणार?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: तीन वर्षांत एकही मूळ कागद स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा नसेल तर इतिहासात बीए करू नका, गाइड घरी बसूनही वाचता येतं. वाचायचा असेल तर याच्याइतका चांगला विषय नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड 1898 साली काढला, त्यात 1750 ते 1761 ची पत्रं आहेत, आणि ती बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, छापलेली आहेत. मोडी येईपर्यंत तिथून सुरुवात करा. पहिल्या वर्षापासून करा, कुणाच्या परवानगीची वाट बघू नका. सन पाठ करू नका, लावायला शिका. एकदा शुहूर, हिजरी आणि शकाचा मेळ हाताने घातला की तारीख डोक्यातून जात नाही.

स्पर्धा परीक्षेचं म्हणाल तर थोडा उपयोग होतो, फार नाही. यूपीएससीला इतिहास वैकल्पिक घेतलात तर पहिल्या पेपरात नकाशावरची ठिकाणं ओळखून त्यांवर लिहायचं असतं, ते आमच्याकडे वर्गात कुणी घेतलं नाही. ती तयारी वेगळी करावी लागते. मी त्या वाटेला गेले नाही, त्यामुळे यापुढे माझ्या सांगण्यावर जाऊ नका.

आणि हेही खरं की माझ्या घरात कागद होता. तुमच्या घरी नसेल. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत, पण तिथे पोचणं सगळ्यांना जमत नाही. महाविद्यालय निवडताना तिथलं ग्रंथालय बघा, साधनांचे खंड कपाटात आहेत का आणि ते कपाट मुलांसाठी उघडतात का ते विचारा.

काकांना त्या दिवशी एक गोष्ट सांगायची राहिली, ती मलाच नंतर फोटो मोठा करून बघताना दिसली. खत धनकोकडे, म्हणजे सावकाराकडे राहतं. कर्ज फिटलं की ते फाडून कर्ज घेणाऱ्या कुळाला परत द्यायची रीत होती. आमच्या कागदाचा वरचा काठ मध्यावर बोटभर फाडलेला आहे, आणि चौकटीची पट्टी नेमकी त्यावर बसते. शेकडा चोवीस व्याजाचं कर्ज, आणि पानिपतानंतरच्या त्या वर्षांत, आमच्या माणसाने फेडलं होतं. म्हणूनच तो कागद सावकाराच्या घरी नाही, आमच्या घरी आहे. हे मी काकांना पत्राने कळवलं, उत्तर आलं नाही. त्यांच्या नातवंडांपैकी कुणाच्या वाचनात हे आलं तर चौकट मागून उघडा आणि वरची पट्टी काढून बघा.