सम ते सम कापा

प्रश्न: आमचं भजनी मंडळ आहे, मी पेटी वाजवतो. नजर गेल्यापासून संगणक एनव्हीडीए या पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे स्क्रीन रीडरच्या भरवशावर चालतो. एकादशीच्या भजनाचं रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या आवाज कापाय-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं, पण जो तो सांगतो, 'लहर बघ आणि खोकला काप.' पडद्यावर उमटणारी आवाजाची लहर स्क्रीन रीडर वाचत नाही. वर भजन ऐकताना त्याची बडबड मध्येच घुसते. आमच्यासारख्याला हे काम जमेल का?
— एक वाचक, वाळवा

उत्तर: जमेल. मलाही दिसत नाही आणि माझं पोट याच कामावर चालतं. लहर बघून कापणाराही शेवटी ऐकूनच खात्री करतो, तेव्हा तुम्ही कानानंच सुरुवात करा.

स्पेसबारनं भजन सुरू करा. खोकला सुरू झाला की डावा चौकटी कंस दाबा, संपला की उजवा. मध्ये थांबायची गरज नाही, तेवढा तुकडा निवडला जातो. मग थांबवून सी दाबा. निवडलेला भाग गाळून ऑडॅसिटी त्याच्या आधीचे 2 सेकंद आणि नंतरचा 1 सेकंद सलग वाजवते. कापल्यावर कसं वाटेल ते कापण्याआधीच कळतं. पटलं तर डिलीट.

बोट कानाच्या मागेच राहतं, त्यामुळे निवडलेल्या तुकड्याची डावी कड हमखास उशिरा पडते. शिफ्ट आणि डावा बाण तिला मागे नेतो. कंट्रोल, शिफ्ट आणि उजवा बाण पुढे आणतो. आता यातली गोम ऐका. बाणाच्या एका दाबात कड किती सरकेल, ते झूमवर ठरतं. झूम म्हणजे डोळसांची भानगड असं समजून आपली मंडळी तिकडे फिरकतच नाहीत. कंट्रोल आणि 1 दोन-चारदा दाबून बघा, तोच बाण केसभर सरकू लागेल. कंट्रोल आणि 3 नं पाऊल पुन्हा मोठं होतं. कडा जागेवर आल्या की झेड दाबा, म्हणजे त्या लहरीच्या शून्यावर बसतात आणि जोडावर 'टक्' होत नाही.

हे सगळं दोन अभंगांमधल्या, बोलण्यातल्या खोकल्यासाठी. ठेका चालू असताना तसंच कापलंत तर अर्धी-पाऊण मात्रा गळेल आणि पहिला तुमचा पखवाजीच अंगावर येईल. भजनी ठेका 8 मात्रांचा. तिथे कापायचं तर सम ते सम, म्हणजे एका आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून दुसऱ्याच्या पहिल्या मात्रेपर्यंत. पेटीवाल्याला सम दाखवायला नको. ध्रुपद तीन-चार वेळा घेतलेलं असतंच. खोकला आलेली अख्खी फेरी काढा: तिच्या समेवर डावा कंस, पुढच्या फेरीच्या समेवर उजवा. मात्र लांबलांबच्या फेऱ्या एकमेकींना जोडू नका. भजनाची लय चढत जाते, जोडावर ती उडी मारलेली लगेच कळते. आणि चरण एकदाच गायलेला असेल तर खोकला राहू द्या. विठ्ठलाला त्याचं वावडं नाही.

बडबडीचं म्हणाल, तर एनव्हीडीए 2024.2 किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या. एनव्हीडीए की, ऑल्ट आणि एस दाबलं की एनव्हीडीए डाव्या कानात बोलतो आणि बाकीचे आवाज उजव्या कानात जातात. पण एका कानानं ऐकून झांज-पेटीचा तोल ठरवू नका. शेवटचं ऐकणं ही सोय बंद करूनच. संगणकावरच रेकॉर्ड करणार असाल तर हेडफोन हवाच, नाहीतर स्पीकरमधला एनव्हीडीए माइकमध्ये शिरतो. रेकॉर्डिंगचं साधन म्हणून माइकच निवडलाय ना, तेही तपासा. संगणकाचा स्वतःचा आवाज टिपणारा पर्याय चालू राहिला, तर हेडफोन लावूनही अभंगात 'बटण, बटण' ऐकू येईल.

पंख्याची घरघर काढायला ऑडॅसिटीत नॉइज रिडक्शन हा इफेक्ट आहे. आधी नुसत्या घरघरीचा तुकडा निवडून नमुना द्यायचा, मग सगळं भजन निवडून तोच इफेक्ट लावायचा. घरघर किती डेसिबलनं कमी करायची, तो आकडा तिथे ठरवता येतो. मी भजनाला 6 च्या वर जात नाही, कारण त्यापुढे झांज पाण्यात बुडाल्यासारखी वाजते.

कुणी रीपर घ्यायला सांगेल. सॉफ्टवेअर उत्तम आहे. 60 दिवस वापरून बघता येतं, आणि एनव्हीडीएच्या मूळ कर्त्यांपैकीच एकानं सुरू केलेलं ओसारा हे मोफत एक्स्टेन्शन बसवलं की ते नीट बोलतं. पण गायक, पेटी, पखवाज वेगवेगळ्या माइकवर घ्यायला लागाल तेव्हा तिकडे वळा. एका फाइलीतल्या खोकल्यासाठी आत्ता नको.